डॉक्टर खरे : ग्वाल्हेरचे विस्मृत खासदार

आपल्या बृहन्महाराष्ट्रीय मंडळींत जुन्या राजकारणाच्या गप्पा निघाल्या की शिंदे, होळकर, गायकवाड या घराण्यांपाशी त्या थांबतात. स्वातंत्र्यानंतर आपल्यातल्याच मतदारांनी कोणाकोणाला दिल्लीस धाडले, याचे स्मरण मात्र फारसे होत नाही. डॉ. नारायण भास्कर खरे हे असेच एक नाव. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हिंदुमहासभेचे वि. घ. देशपांडे गुणा आणि ग्वाल्हेर अशा दोन्ही जागांवर निवडून आले. त्यांनी गुणा राखले, ग्वाल्हेर सोडले. आणि १९५२च्या पोटनिवडणुकीत ग्वाल्हेरने डॉक्टर खऱ्यांना लोकसभेत पाठविले.

ग्वाल्हेरास येईपर्यंत या गृहस्थांच्या मागे केवढा इतिहास जमा झालेला होता! लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन व पुढे एम. डी. होऊन त्यांनी मध्यप्रांतात सरकारी नोकरी धरली. ती सोडून ते नागपुरात स्वतंत्र व्यवसाय करू लागले. वैद्यकीतून राजकारणात, प्रथम स्वराज्य पक्षातर्फे प्रांतिक कायदेमंडळात, मग मध्यवर्ती कायदेमंडळात, असा त्यांचा प्रवास झाला. आर्यसमाजीयांच्या आंतरजातीय विवाहांना कायद्याचे संरक्षण देणारे १९३७चे विधेयक त्यांनीच मांडले होते, हे आज कोणी सांगत नाही.

जुलै १९३७ मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान झाले. प्रांतिक मंत्रिमंडळाच्या प्रमुखास त्या काळी हीच संज्ञा होती. मंत्रिमंडळात एकीकडे नागपूर-वऱ्हाडचे मराठी भाषक, दुसरीकडे महाकोशलचे हिंदी भाषक. दोहोंत पहिल्यापासून ताण होता. मे १९३८ मध्ये पचमढीस समेट घडवून आणला गेला, तो दोन महिनेही टिकला नाही. २० जुलैस डॉक्टरांनी राजीनामा दिला. गोळे व रा. मा. देशमुख हे मंत्रीही त्यांच्यासोबत बाहेर पडले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता यांनी मात्र पक्षश्रेष्ठींच्या आदेशावाचून राजीनामा देण्याचे नाकारले. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी रातोरात त्या तिघांना बडतर्फ केले, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचे नवे मंत्रिमंडळ शपथ घेऊन मोकळे झाले.

आम्ही उभे आयुष्य राज्य शासनाच्या सेवेत काढले. नियमावर बोट ठेवण्याची सवय जाता जात नाही. त्या दृष्टीने पाहता १९३५च्या कायद्याखाली डॉक्टरांचे पाऊल गैरकायदा नव्हते. प्रमुखाने राजीनामा दिला की सहकाऱ्यांनी देणे हा संकेतही होता. परंतु ज्या पक्षाच्या बळावर आपण खुर्चीवर बसलो त्याला अंधारात ठेवून गव्हर्नरच्या हातून सहकारी काढविणे, हे राजकीयदृष्ट्या आत्मघातकीच होते. वर्ध्यास कार्यकारिणी बसली, सुभाषबाबू अध्यक्ष होते. २३ जुलैस डॉक्टरांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला. कार्यकारिणीने त्यांच्यावर ठपका ठेवला आणि शुक्ल पंतप्रधान झाले. त्या औटघटकेच्या मंत्रिमंडळात डॉक्टरांनी दलित समाजातील अग्निभोज यांना घेतले होते. गांधीजींना ते रुचले नाही, असे डॉक्टर पुढे सांगत राहिले, आणि डॉ. आंबेडकरांनी आपल्या काँग्रेसविषयक ग्रंथात या प्रसंगाची दखल घेतली.

१९४३ ते ४६ या काळात डॉक्टर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे होते, आणि आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत भरीव काम हेच. दक्षिण आफ्रिकेने हिंदी रहिवाशांवर निर्बंध लादले, तेव्हा १९४४ मध्ये येथील दक्षिण आफ्रिकी गोऱ्यांवर परतफेडीचे निर्बंध आले. १९४६ मध्ये व्यापारसंबंध तोडण्यात आले आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्यात आला.

यानंतर अलवर. एप्रिल १९४७ पासून ते त्या संस्थानचे पंतप्रधान होते. त्याच वर्षी अलवर-भरतपूर भागात मेव मुसलमानांची कत्तल व हकालपट्टी झाली, तीत संस्थानी फौजांचा हात होता. आपल्या माणसाविषयी लिहिताना हे पान उलटून पुढे जाण्याचा मोह होतो; आम्हांस तो उचित वाटत नाही. राज्यकारभाराची सूत्रे ज्याच्या हाती, त्याच्याकडे त्या रक्ताचा जाब जातोच. गांधीहत्येनंतर मात्र जो संशय त्यांच्यावर आला तो सिद्ध झाला नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांना पदावरून दूर करून दिल्लीत अडकवून ठेवले गेले. पुढे चौकशीत हत्येशी संबंध दिसून आला नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ त्यांचे चाहते करतात तशीच टीकाकारही करतात.

हिंदुमहासभेचे अध्यक्ष असताना, मार्च १९५० अखेरीस, दिल्लीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना पूर्व पंजाब सार्वजनिक सुरक्षा कायद्याखाली तीन महिन्यांसाठी हद्दपार केले. राज्यघटना लागू होऊन जेमतेम दोन महिने लोटले होते. डॉक्टर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच न्यायमूर्तींपैकी सरन्यायाधीश कनिया, फझल अली व पतंजली शास्त्री यांनी आदेश वैध ठरविला. मुखर्जी व महाजन यांचे मत विरुद्ध पडले. संचारस्वातंत्र्यावरील निर्बंध वाजवी आहे की नाही हे पाहताना केवळ कायद्याचा आशय नव्हे, तर त्याची कार्यपद्धतीही तपासावी लागेल, हे या निकालात मान्य झाले. याचिका हरली, पण ‘खरे विरुद्ध दिल्ली राज्य’ हा खटला कायद्याचे विद्यार्थी अजून वाचतात.

ग्वाल्हेरचे खासदार म्हणून त्यांची मुदत १९५७ मध्ये संपली. त्याच वर्षी हिमाचल व पंजाबातील काही मतदारसंघांतील निवडणुका व्हावयाच्या असताना राष्ट्रपतीची निवडणूक घेऊ नये, म्हणून ते पुन्हा सर्वोच्च न्यायालयाच्या दारी उभे राहिले, आणि पुन्हा हरले. १९५९ साली त्यांनी आपल्या राजकीय आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. १९३८चा वाद त्यांच्या लेखी तेव्हाही मिटलेला नव्हता.