सहा चौकोन, आठ त्रिकोण

कमलाकरभट्टांच्या 'निर्णयसिंधू' या धर्मशास्त्राच्या ग्रंथात (१६१२) कार्तिकातल्या आकाशदीपाचा विधी दिला आहे. सूर्य मावळल्यावर घराजवळ पुरुषभर उंचीचा, यज्ञाला चालणाऱ्या लाकडाचा खांब रोवायचा आणि त्याच्या माथ्यावर दिवा लावायचा. काशीच्या घाटांवर आजही कार्तिक महिनाभर उंच वेळूंच्या टोकाला टोपल्यांतून दिवे चढतात. यात पतंगी कागद नाही, कागदाच्या करंज्या नाहीत, शेपट्याही नाहीत. बाजारात 'पारंपरिक' म्हणून मिळणारा आपला दिवाळीचा कंदील पोथीतून उतरलेला नाही. बुरूड, पतंगवाला आणि घरातली पोरं यांनी मिळून तो घडवला, असं माझं मत आहे. मला तो आवडतो तोही त्यामुळेच.

गिरगावात आमच्या चाळीत कंदिलाचं खातं अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे. कामट्या नवरात्रातच आणून पोटमाळ्यावर टाकायच्या, कारण ओली कामटी बांधल्यावर वाकते. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या, त्यांचे दोऱ्याने बांधलेले सहा चौकोन. मग कोपऱ्याला कोपरा जोडत गेलं की मधे आठ त्रिकोण आपसूक पडतात. ते बांधावे लागत नाहीत. वरचा चौकोन वायरीसाठी उघडा, खालचा हवेसाठी, आणि कडेचे चार एकेका टोकावर उभे. आमच्या भूमितीच्या मास्तरांना हा आकार फळ्यावर कधी धड काढता आला नाही, पण चाळीतली चौथीतली पोरं तो डोळे मिटून बांधत.

खळ मैद्याची. झुरळांनी कागद कुरतडू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद पडायचं आणि ते पातेलं आई पुन्हा चुलीवर चढू द्यायची नाही. चौकोन पांढरेच हवेत, यावर अण्णा अडून बसत. उजेड पांढऱ्यातून पडतो, रंग त्रिकोणांना द्या, असं त्यांचं म्हणणं. लाल-हिरवा कंदील करणाऱ्या समोरच्या बिऱ्हाडाबद्दल ते काय म्हणत, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

आजोबांच्या काळी आत पणती असे आणि वाऱ्याने कंदील पेटत. मुंबई शहराला वीजपुरवठा १९०५ साली सुरू झाला; चाळीच्या खोल्यांत बल्ब लागायला मात्र आणखी बराच काळ गेला. बल्ब आल्यावर कंदील दारातून गॅलरीच्या टोकाला गेला, मोठा झाला, त्याची विमानं आणि जहाजंही झाली. पुढे थर्माकोलने हाताचं काम संपवलं. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि माहीमच्या कंदील गल्लीत बांबू-कागदाला पुन्हा गिऱ्हाईक दिसू लागलं.

विकतचा घ्या, वाईट नाही. पण घरात पोरं असतील तर चोवीस कामट्या आणा. आणि चौकोन पांढरे ठेवा, अण्णांचं तेवढं बरोबर होतं.