गांजाचे बी : कायद्याच्या एका व्याख्येवर उभा असलेला बाजार

गांजाच्या बियांत नशा नसते. नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य प्रामुख्याने मादी झाडाच्या फुलोऱ्यात तयार होते; बीच्या टरफलाला लागतो तो त्याचा अंशमात्र. ही वस्तुस्थिती कायदा कशी वाचतो, यावर घरगुती लागवडीसाठी बी विकणाऱ्यांचे भवितव्य ठरत आले आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या अमली पदार्थविषयक करारात फुलोऱ्याशिवाय असलेले बी आणि पान व्याख्येतून वगळण्यात आले. युरोपातील व्यापार याच फटीत रुजला. ब्रिटनमध्ये बी विकता येते, लावता येत नाही; म्हणून पाकिटावर ‘केवळ संग्रहासाठी’ असे छापण्याचा प्रघात पडला. संग्राहक किती आणि बागाईतदार किती, हे विक्रेता विचारत नाही.

अमेरिकेत हा शब्दखेळ अधिक रंगला. १९३७ च्या कायद्यात पक्ष्यांचे खाद्य विकणाऱ्यांच्या आग्रहावरून न रुजणारे बी वगळले गेले. रुजणारे मात्र निषिद्ध राहिले. २०१८ च्या कृषी कायद्याने, कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपेक्षा अधिक डेल्टा-९ टीएचसी नसलेली वनस्पती बियांसह ‘हेम्प’ ठरवून मुक्त केली. बियांत टीएचसी नगण्यच. तेव्हा त्यातून उगवणारे झाड कितीही नशिले असो, बी मात्र हेम्प! केंद्रीय अमली पदार्थ अंमलबजावणी संस्थेनेही २०२२ मध्ये एका पत्रात हाच अर्थ मान्य केला आणि टपालाने राज्याराज्यांत बी पाठवणाऱ्यांना बळ मिळाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली. ज्या झाडातील एकूण टीएचसी ०.३ टक्क्यांहून अधिक आहे, त्याचे रुजणारे बी आता हेम्प मानले जाणार नाही; ही तरतूद वर्षभरानंतर लागू होणार, असे ठरले. म्हणजे मोजमाप बीचे न होता झाडाचे होणार. ज्या राज्यांत घरी चार-सहा झाडे लावणे वैध आहे, तेथील ग्राहकाचा परराज्यातून बी मागवण्याचा मार्ग यामुळे धोक्यात येतो.

जर्मनीने उलट दिशा धरली. १ एप्रिल २०२४ पासून तेथे प्रौढ व्यक्तीला घरी तीन झाडे लावता येतात आणि त्यासाठी युरोपीय संघातील देशांतून बी मागवता येते. संघाबाहेरच्या विक्रेत्याला ही मुभा नाही. कॅनडात कायदेशीर दुकानांतून बी मिळते; तेथे बाळगण्याच्या मर्यादेत एक बी एक ग्रॅम सुक्या गांजाइतके धरले जाते.

झाडांच्या संख्येवरील मर्यादेने मालाचे स्वरूपही घडवले. तीनच झाडांची परवानगी असताना त्यांतले एक नर निघाले, तर तिसरा हिस्सा वाया गेला. शिवाय त्याच्या परागाने उरलेल्या दोन्ही झाडांत बी धरते आणि फुलोऱ्याचा दर्जा घसरतो. म्हणून केवळ मादी झाडे देणारे बी महाग असूनही खपते. येथे बियांचा भाव वजनावर नव्हे, नगावर ठरतो.

भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातही फुलोऱ्याशिवायचे बी ‘गांजा’च्या व्याख्येबाहेर आहे. भांगेच्या बियांची चटणी कुमाऊंत पूर्वापार होते. हेम्पचे बी अन्न म्हणून विकण्यास केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मान्यता दिली. तंतू किंवा बियांसाठी लागवडीची परवानगी सरकार देऊ शकते आणि उत्तराखंडाने तसे परवाने दिलेही. गोव्यात औषधी लागवडीचा प्रस्ताव २०२० च्या अखेरीस चर्चेत आला, तेव्हा त्याला विरोधही झाला. मात्र घरगुती लागवडीला देशात कोठेही मुभा नाही. परदेशी संकेतस्थळावरील ‘कायदेशीर बी’ हे शब्द त्या देशापुरते असतात. परवान्याशिवाय कुंडीत लावलेले एक रोपटेही येथे लागवडच ठरते. तिला कलम २० नुसार दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.