अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे

आसगांवच्या शेतकऱ्यास भंडाऱ्याच्या कचेरीची पायरी चढणें प्राप्त झालें म्हणजे तो प्रथम वकील गांठतो. आणि दाव्याचा निकाल लागल्यावरहि मुलाच्या शाळेविषयीं, कधीं भाऊबंदकीविषयींहि, त्याच वकिलाकडे सल्ल्यास जातो. जिल्ह्याच्या ठिकाणचा वकील असा अर्धा कोर्टाचा व अर्धा लोकांचा असतो. या नात्याची थोरवी आणि त्याची किंमत, दोन्हीहि पाहावयाचीं असतील तर शेजारच्या वऱ्हाडांतील गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांचें चरित्र पाहावें.

त्यांचा जन्म १८५४ सालचा. १८८४ सालीं कायद्याची परीक्षा उतरून ते वऱ्हाडांत सरकारी नोकरींत शिरले. मुनसफी केली, असिस्टंट कमिशनरची जागा भोगली. अशी सुखाची नोकरी सोडून १८९० सालीं त्यांनीं अमरावतीस वकिली मांडली. अमरावती ही कापसाची पेठ. जेथें पैसा व जमीन यांची उलाढाल, तेथें वकिलास काय तोटा? प्रांत मूळ निजामाचा, परंतु १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. म्हणून येथील अपिलें मुंबईच्या हायकोर्टांत न जातां ज्युडिशियल कमिशनरपुढें चालत. आपल्या मध्यप्रांतांतहि तीच रीत होती; नागपुरास हायकोर्ट १९३६ सालीं झालें. खापर्डे यांची वाणी विनोदी, संस्कृताचा व्यासंग दांडगा आणि राहणी अशी थाटाची कीं लोक त्यांना वऱ्हाडचे नबाब म्हणत.

१८९७ सालीं, दुष्काळ व प्लेग यांनीं देश गांजला असतां, या लहानशा शहरानें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन आपल्या अंगावर घेतलें. अध्यक्ष मद्रासचे वकील शंकरन नायर, स्वागताध्यक्ष खापर्डे. त्यांच्याच बारमध्यें रघुनाथ नरसिंह मुधोळकर होते, जे १८९० सालींच राष्ट्रीय सभेच्या शिष्टमंडळांतून विलायतेस जाऊन आले होते. मोरोपंत जोशीहि तेथलेच. एका जिल्ह्याच्या कचेरींत अशीं तीन माणसें एकाच काळीं असावीं, हें नवल खरें.

पुढें १९०७ सालीं सुरतेस सभा दुभंगली. खापर्डे टिळकांच्या बाजूस, मुधोळकर नेमस्तांच्या. दोघांचीं घरें मात्र एकाच शहरांत, आणि दोघांची वकिलीहि तेथलीच! मुंबईच्या पुढाऱ्यांना मतभेद झाल्यावर दूर राहतां येतें; लहान गांवच्या वकिलास ती सोय नसते. हें ओझें फारसें कोणी मोजीत नाहीं.

१९०८ च्या जुलैंत टिळकांना सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांची बाजू प्रिव्ही कौन्सिलपुढें नेण्यासाठीं खापर्डे ऑगस्टमध्यें विलायतेस निघाले आणि १९१० च्या ऑक्टोबरांत परतले. यश आलें नाहीं. चालती वकिली दोन वर्षांहून अधिक काळ सोडून देणें म्हणजे काय, हें पक्षकारालाच विचारावें. त्याची तारीख कोणासाठीं थांबत नसते. तो दुसरा वकील करतो, आणि एकदां गेलेला पक्षकार सहसा परत येत नाहीं. सभेंतील भाषणापेक्षां हा त्याग मला मोठा वाटतो. १९१६ सालीं बेळगांवास टिळकांचा होमरूल संघ निघाला, त्याचे पहिले अध्यक्ष आपल्यापैकींच एक, बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. त्या चळवळींतहि खापर्डे होतेच. पुढें ते दिल्लीच्या कायदेमंडळांतहि बसले.

मुधोळकर १९१२ सालीं बांकीपूरच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले व १९२१ सालीं निवर्तले. मोरोपंतांच्या अध्यक्षतेखालील संमतिवय-समितीनें बालविवाहाची चौकशी केली. १९२९ सालीं शारदा कायदा झाला. खापर्डे १९३८ च्या १ जुलैस वारले. डिसेंबर १९११ पासून कांहीं महिने ते शिर्डीस साईबाबांपाशीं राहिले होते. त्या दिवसांच्या रोजनिशीमुळेंच आज त्यांचें नांव अधिक घेतलें जातें. अमरावतीच्या कचेरींत त्यांनीं चालविलेल्या दाव्यांचें नांव मात्र क्वचितच कोणी काढतो.