तुटलेले कोण?

शहरी नदी-ओढ्यांच्या काठी चित्रकार-शिल्पकारांना महिना-दोन महिने राहायला बोलवावे, त्यांनी वस्तीतल्या माणसांना हाताशी धरून काम करावे, म्हणजे लोकांचे नदीशी तुटलेले नाते पुन्हा जुळेल, असे हल्ली सर्रास मांडले जाते. अशा कलानिवासांच्या मी बाजूने आहे. पण नाते तुटले आहे, हे ठरवले कोणी?

पुणे जिल्ह्यात मावळातल्या नवलाख उंबरे गावाचेच घ्या. एमआयडीसी आली, शेतांच्या जागी कंपन्यांची कुंपणे उभी राहिली. तरी जवळच, सुदुंबऱ्यात संताजी जगनाडे यांची समाधी आहे. इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची गाथा तेराव्या दिवशी तरली, ही इथली श्रद्धा. आणि ते अभंग लिहून ठेवणाऱ्यांत संताजींचे नाव घेतले जाते. ज्या खोऱ्यात घराघरांत ही कथा सांगतात, तिथल्या माणसाला नदीची ओळख बाहेरून येऊन करून द्यायची? याच मावळात, पवना नदीचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याला विरोध करताना 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्यांच्या घरच्यांसमोर ‘तुटलेले नाते’ हे शब्द उच्चारून पाहावेत.

कुणी म्हणेल, श्रद्धा आहे, हक्काचे भांडण आहे, मग नदी घाण का? निर्माल्य पाण्यात पडते, हे खरेच. पण आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस भाविकांची माया आटल्यामुळे आलेला नाही. तो प्रक्रियेविना सोडलेल्या सांडपाण्याचा आहे. भिंतीवर मासे रंगवून त्याचा एक थेंबही कमी होत नाही.

मग कलावंत कशाला? नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये कोंडागावच्या आदिवासी कलाकारांबरोबर ‘नळपार’ उभारले. हातपंपाभोवतीच्या त्या बांधकामात भरलेले भांडे डोक्यावर घेण्याआधी टेकवायला कोनाडा आहे. पाणी भरणाऱ्या बाईची मान जाणल्याशिवाय तो सुचत नाही. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर पाण्याखाली गेले. पुढे 2009 मध्ये अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी ‘सोक’ या प्रदर्शनात मुंबई खाडीमुखातले शहर म्हणून रेखाटली. पाण्याला रेषेत कोंडणारा नकाशाच चुकतो, हे त्यांनी चित्रांतून दाखवले. दोन्हीकडे ‘जागृती’ करायची म्हणून कोणी आले नव्हते.

म्हणून कलानिवास हवा, पण त्याने नदीशी जोडायचे आहे ते नकाशावर निळी रेघ ओढणाऱ्यांना. चित्रकाराने नवलाख उंबऱ्यात एका ज्येष्ठापासून पुढच्या ज्येष्ठापर्यंत राहावे. संताजींसारखे आधी ऐकावे, मग उतरवावे: कोणता ओढा कुठल्या कुंपणाखाली गेला, विहिरीचे पाणी कधीपासून वास मारते, पूर कुठल्या उंबऱ्यापर्यंत आला होता. ती चित्रे पुण्याच्या कलादालनाआधी ग्रामसभेत लागावीत आणि तिथून वडगावच्या तहसील कचेरीत, अर्जांच्या खिडकीशेजारी.