ऑब्जेक्ट फाइल उघडून पाहणाऱ्या कमांड

कंपायलरमधून निघालेल्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये यंत्राच्या आज्ञा, डेटा आणि फंक्शनांच्या नावांचा तक्ता सलग भरलेला असतो. नुसत्या डोळ्यांनी तिच्यातले काहीच कळत नाही. ती उलगडून दाखवणाऱ्या कमांड जवळजवळ युनिक्सइतक्याच जुन्या आहेत. बेल लॅब्जमध्ये नोव्हेंबर १९७१ मध्ये तयार झालेल्या पहिल्या मॅन्युअलमध्येच नावे छापणारी 'एनएम', बाइट अष्टमान आकड्यांत दाखवणारी 'ओडी' आणि नावांचा तक्ता काढून टाकणारी 'स्ट्रिप' सापडते.

एनएमने नावाआधी एक अक्षर छापण्याची रीत पुढे रुळली. 'टी' म्हणजे कोड, 'डी' म्हणजे आरंभीची किंमत दिलेला डेटा; 'यू' म्हणजे नाव इथे वापरले आहे, पण त्याची व्याख्या दुसरीकडे आहे. ऑब्जेक्ट फाइली एकत्र जोडणारा लिंकर अडून बसला की आजही प्रोग्रामर आधी हा 'यू' शोधतात.

त्यानंतरच्या काही आवृत्त्यांत 'ए.आउट' मांडणीतल्या फाइलची सुरुवात ०४०७ या अष्टमान संख्येने होई. पीडीपी-११ यंत्रावर ही चक्क एक आज्ञा होती: १६ बाइटचे शीर्षक ओलांडून पुढे जा. फाइलची ओळख आणि यंत्राची आज्ञा एकाच आकड्यात बसवलेली होती. पुढे 'सिस्टिम फाइव्ह' या युनिक्समध्ये 'कॉफ' ही मांडणी आली आणि तिची जागा 'एल्फ'ने घेतली. एल्फ फाइलचा पहिला बाइट १२७ असतो, पाठोपाठ ई, एल, एफ ही अक्षरे. यंत्राने पाळावी अशी आज्ञा त्यात नाही.

फाइलची मांडणी बदलली की प्रत्येक कमांड नव्याने लिहायची, हे फार दिवस परवडणारे नव्हते. सिग्नस सपोर्ट कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या 'बीएफडी' लायब्ररीने सगळ्या मांडण्या एकाच दारातून वाचण्याची सोय केली. यंत्राच्या आज्ञा असेंब्लीत उलगडून दाखवणारी ग्नू प्रकल्पाची 'ऑब्जडम्प' तिच्यावरच चालते. मात्र एका लायब्ररीतली चूक तिच्यावर विसंबलेल्या सगळ्या कमांडना भोवते. म्हणून फक्त एल्फ वाचणारी 'रीडएल्फ' मुद्दाम बीएफडीपासून वेगळी ठेवली आहे. बीएफडीत चूक निघाली तरी तिला धक्का लागत नाही.

ही भीती किती खरी होती, ते २०१४ मध्ये दिसले. फाइलमधला वाचता येणारा मजकूर छापणारी 'स्ट्रिंग्ज' ही सर्वांत निरुपद्रवी समजली जाणारी कमांड. संशयास्पद फाइलवर लोक आधी तीच चालवत. पण तीसुद्धा बीएफडीकरवी फाइलची रचना तपासत असे, आणि मुद्दाम बिघडवलेल्या फाइलने तिलाच कोसळवता येते, हे सुरक्षा संशोधक मिखाल झालेव्स्की यांनी दाखवले. त्यानंतर ग्नूच्या स्ट्रिंग्जची मूळ वागणूक बदलली. वेगळे काही सांगितले नाही, तर ती आता रचनेच्या भानगडीत न पडता अख्खी फाइल सरसकट चाळते.