लिस्बन नगरीतील पहिला दिवस

ज्या राजधानीच्या नावाने गोमंतकाचा कारभार १५१० पासून १९६१ पर्यंत चालला, त्या लिस्बन नगरीत आपल्याकडील कितीतरी मंडळी आज कामानिमित्त, शिक्षणासाठी अथवा केवळ पाहण्याच्या हौसेने जात असतात. जाणाऱ्याच्या खिशात प्रेक्षणीय स्थळांची लांबलचक यादी असते आणि विमानातून उतरल्याबरोबर ती पुरी करण्याची घाईही असते. आमचे म्हणणे असे की, पहिल्या दिवशी ती यादी बाजूस ठेवावी व एकच वाट चालावी. यास शरीराचे कारण आहे, तसेच इतिहासाचेही आहे.

लिस्बनचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या मागे असते. हिवाळ्यात साडेपाच तास व उन्हाळ्यात साडेचार तास. तेथे सायंकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबी रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. डोळे मिटू लागतात, आणि पहाटे तीन-चारलाच झोप उडते. यालाच जेट-लॅग म्हणतात. जुन्या काळच्या खलाशांना हा विकार ठाऊक नव्हता. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये सुटलेले गलबत आफ्रिकेस वळसा घालून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोव्यास लागे. वाटेत रोगांनी व उपासमारीने माणसे मरत. परंतु वेळेतील फरक दिवसाकाठी काही मिनिटांनीच पडे व शरीर तो नकळत पचवी. गोव्यातून पाठविलेल्या पत्राचे उत्तर हाती पडण्यास दीड-दोन वर्षे लागत. हा पत्रव्यवहार पावसाळी वाऱ्यांच्या तंत्राने चाले, म्हणून त्याच्या दप्तरास ‘मोन्सूनची पुस्तके’ असे नावच पडले. ते अंतर आपण आता एका दिवसात तोडतो. शरीर पोहोचते, पण त्याचे घड्याळ मागे वळण्यास काही दिवस घेते.

म्हणून पहिल्या दिवशी दुपारी अर्ध्या तासापलीकडे झोपू नये, हलके खावे, आणि उतरत्या उन्हात मोकळ्या हवेत चालावे. संध्याकाळचा प्रकाश डोळ्यांवर पडला म्हणजे शरीराचे घड्याळ तेथील वेळेकडे लवकर सरकते. लिस्बन टेकड्यांवर वसलेले आहे. किल्ल्याची चढण व आल्फामाच्या पायऱ्या शिणलेल्या पायांसाठी नव्हेत. सपाट भाग म्हणजे मधला ‘बायशा’. रॉसियो चौकापासून ताग नदीच्या घाटापर्यंत जेमतेम एक किलोमीटरची ही वाट आहे.

रॉसियोच्या उत्तर टोकास आज राष्ट्रीय नाट्यगृह उभे आहे. ते १८४६ साली सुरू झाले. त्याच जागी पूर्वी एस्ताऊश नावाचा वाडा होता आणि त्यात धर्मन्यायसभेचे, म्हणजे इन्क्विझिशनचे, ठाणे होते. गोव्याची धर्मन्यायसभा १५६० साली स्थापन झाली, तिच्यावर लिस्बनच्या वरिष्ठ मंडळाचा अधिकार चाले. त्याच शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आणि श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास गेल्या. अंत्रुज महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. आपल्या देवस्थानांच्या स्थलांतराचा एक धागा या चौकापर्यंत येतो. येथे केवळ आपलेच दुःख आठवावे असे मात्र नाही. शेजारच्या सांव दोमिंगुश चर्चपाशी १५०६ च्या एप्रिलात ‘नव्या ख्रिस्ती’ म्हणजे बाटविलेल्या यहुद्यांची कत्तल सुरू झाली. त्या बळींचे स्मारक लिस्बनने २००८ साली तेथे उभारले.

तेथून दक्षिणेस काटकोनात आखलेले रस्ते लागतात. सोनारांचा, रुपेकारांचा, चांभारांचा अशी धंद्यांवरून पडलेली त्यांची नावे वाचताना आपल्याकडील पेठांची आठवण व्हावी. ही सरळ आखणी भूकंपाने दिलेली आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, देवळांतून मेणबत्त्या तेवत असताना धरणी हादरली. मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावलेल्या लोकांवर समुद्राची लाट चालून आली, आणि उरलेले नगर कित्येक दिवस जळत राहिले. मंत्री पोंबाल याने नगराची नवी मांडणी करविली. भिंतींच्या पोटात लाकडी सांगाडा बसविण्याची युक्ती तेव्हाची. त्यास ‘गायोला’ म्हणजे पिंजरा म्हणतात. गोव्याची धर्मन्यायसभा प्रथम बंद झाली तीही याच पोंबालच्या अमदानीत, १७७४ साली. त्याच्या पतनानंतर ती १७७८ मध्ये पुन्हा चालू झाली आणि अखेर १८१२ साली संपली.

कमानीखालून बाहेर पडताच नदीकाठचे विस्तीर्ण पटांगण दिसते. भूकंपापूर्वी येथे राजवाडा होता व त्यातच ‘भारतगृह’, म्हणजे पूर्वेच्या मिरी-मसाल्याच्या व्यापाराची कचेरी होती. तिच्या दप्तराचा मोठा भाग त्या दिवशी नष्ट झाला. आपल्याही इतिहासाची पाने त्यात गेली. पुढे दोन खांबांमधून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. आपल्या माणसास हा घाट ओळखीचा वाटेल. पहिल्या दिवसाची वाट येथे संपवावी. उन्हाळा असेल तर नऊपर्यंत उजेड राहतो, तेव्हा पायऱ्यांवर स्वस्थ बसावे आणि मग निजावयास जावे.

बेलेंचा जेरोनिमुश मठ पहिल्या दिवशी पाहू नये असे आम्ही आग्रहाने म्हणतो. वास्को द गामाची समाधी असलेली ती वास्तू सुंदर आहे, आणि थकलेले मन अशा सौंदर्यापुढे दिपून तरी जाते अथवा पूर्वस्मृतीने संतापून तरी उठते. त्या दोन्ही अवस्थांत माणूस काहीच पाहत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग येईलच. ती सकाळ बेलेंसाठी ठेवावी. तीच आगगाडी पुढे काशियास येथे जाते. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे १९५५ साली गोव्यात पकडले गेले व पुढे पोर्तुगालात नेले गेले. गोवा मुक्त झाल्यावरही जानेवारी १९६९ पर्यंत ते कैदेत होते, आणि काशियासचा किल्ला हा त्यांचा तुरुंग. परतीस लुमियार भागातील राधाकृष्ण मंदिरात दर्शन घ्यावे. मोझांबिक १९७५ साली स्वतंत्र झाल्यावर तेथून आलेल्या, मुख्यतः गुजराती, हिंदूंनी ते उभारले. ज्या नगरीत एस्ताऊशचा वाडा होता, तेथे आज आरतीची घंटा वाजते. तिचा अर्थ ध्यानात येण्यास आदल्या सायंकाळी ती एक किलोमीटरची वाट सावकाश चाललेली असावी.