२९ जानेवारी : धरणगावच्या आउट्रमचे घराणे

खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमचा आज जन्मदिन (१८०३, डर्बीशायर). वडील बेंजामिन हे नामवंत अभियंते, बटर्ली लोखंड कारखान्याचे एक संस्थापक. १८०५ मध्ये ते वारले आणि घर उघड्यावर आले. आई मार्गारेट ही स्कॉटिश शेतीलेखक जेम्स अँडरसन यांची करारी मुलगी; ॲबर्डीनला तिनेच मुले वाढवली. १८१९ मध्ये जेम्स मुंबईत आला. १८२५ पासून धरणगाव हे त्याच्या पलटणीचे ठाणे. आधी भिल्लांवर हल्ले, मग त्यांच्यातूनच भरती! त्या शिपायांच्या वंशावळीही जपायला हव्यात. आउट्रमला १८५८ मध्ये मिळालेली वंशपरंपरागत ‘बॅरोनेट’ पदवी १८६३ मध्ये मुलगा फ्रान्सिसकडे गेली.